प्रश्न कोणी कोणाला विचारायचे?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते हजेरीपत्रके, पगारपत्रके आणि कायद्याची पुस्तके वाचून. तेव्हा विद्वत्तेची नव्हे, रोखठोक हिशेबाचीच अपेक्षा ठेवावी.

आपल्या पंचक्रोशीला मोजणीचे नवल नाही. 1970 साली नव्या मुंबईसाठी 95 गावांची जमीन घ्यायचे ठरले, तेव्हापासून शेते मोजली, घरे मोजली, माणसे मोजली. आता पुन्हा खानेसुमारी. 2021 ची लांबली. तिची अधिसूचना 16 जून 2025 रोजी निघाली आणि गणनेची तारीख 1 मार्च 2027 ठरली. 2011 च्या घरयादीत 35 प्रश्न होते. छप्पर कशाचे, संडास आहे काय, खोल्या किती आणि घरात लग्न झालेली जोडपी किती! आमच्या चुलीत डोकावून सरकारला काय मिळणार, असे म्हातारी माणसे चिडून विचारतात. त्यांचा राग आम्हाला समजतो.

परंतु मोजणीला आमचा विरोध नाही. कंत्राटी कामगार किती हे मोजल्यावाचून युनियनलाही मागणीपत्रक लिहिता येत नाही. शिवाय दारात वही घेऊन येते ती बहुधा एखादी शिक्षिका. तीही पगारी माणूसच. तिच्यावर राग काढू नका. कायदा मात्र माहीत असू द्या. 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 8 सांगते की, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे. पण त्याच कलमात बाईने नवऱ्याचे नाव सांगण्याची सक्ती नाही. कलम 15 प्रमाणे ही माहिती कोणा तिऱ्हाइताला पाहता येत नाही. लोकांची भीड राखावी, एवढी जाण कायदा करणाऱ्यांना होती. प्रत्येक पाहणीला हे कुंपण असतेच असे नाही. म्हणून कोणी कागद पुढे केला की विचारा: बाबा रे, ही पाहणी कोणत्या कायद्याखाली? हा कागद कोण पाहणार?

आता नाणे उलटे करू. सरकार आम्हाला विचारते. आम्ही सरकारला काय विचारू शकतो? सर्वांत जड प्रश्न घ्या. गावचा मुलगा फौजेत गेला, त्याला कोणत्या परदेशात, कशासाठी लढायला पाठवणार? 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत करार झाला आणि लगोलग आपली फौज श्रीलंकेत उतरली. शांतता राखायला गेलेली फौज लढाईत गुंतली. मार्च 1990 मध्ये ती परतली, तोवर सुमारे 1,200 जवान कामी आले होते. फौज बाहेर धाडण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी, असे बंधन आपल्या घटनेत नाही. माहितीच्या अधिकाराने विचारावे, तर 2005 च्या त्या कायद्याचेही कलम 8 च आडवे येते: सुरक्षा आणि परराष्ट्रसंबंध यांना बाध येईल ती माहिती देणे बंधनकारक नाही. एका कलम 8 ने आमचे तोंड उघडायचे, दुसऱ्या कलम 8 ने सरकारने आपले मिटायचे!

लढाईचे बेत चव्हाट्यावर मांडा, असे आम्ही म्हणत नाही. जायचे की नाही, याची चर्चा तरी आधी व्हावी. ती झाली की काय होते, तेही पाहा. एप्रिल 2003 मध्ये लोकसभेने इराकवरील युद्धाची निंदा केली. पुढे अमेरिकेने आपली फौज मागितली. देशात उघड वादविवाद झाला आणि 14 जुलै 2003 रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला. देशाची अब्रू त्याने घटली नाही. अनेक आयांची पोरे वाचली.

आणि विचारण्याचा हक्क दिल्लीपुरता नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन ऑफ इंडिया या 11 बंदरांतल्या कामगारांच्या संघटनेने जाहीर केले की, गाझातील युद्धासाठी इस्रायलला जाणारी शस्त्रे आम्ही चढवणार-उतरवणार नाही. न्हावा शेव्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला यातला अर्थ समजावून सांगायला नको. पेटीत काय आहे, हे विचारणारा हमाल राज्यकारभारातच भाग घेत असतो.

तेव्हा मागणी दोन ओळींची. आमच्याकडून नेलेल्या माहितीचा गोषवारा ग्रामसभेपुढे वाचून दाखवा. आणि फौज परदेशी धाडण्याआधी संसदेत मत घ्या. आम्ही 2011 मध्ये 35 प्रश्नांची उत्तरे दिली. आमचे प्रश्न दोनच आहेत.