नामानंतर येणारें विशेषण

इंग्रजी व्याकरणांत ‘पोस्टपॉझिटिव्ह’ अशी एक संज्ञा आहे. लॅटिनमध्यें ‘पोस्ट’ म्हणजे मागाहून. पुढील भाग ‘ठेवणें’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. लांबणीवर टाकणें या अर्थाचा ‘पोस्टपोन’ हा शब्द त्याच कुळांतला. जें विशेषण आपल्या नामानंतर येतें, तें पोस्टपॉझिटिव्ह. ‘हुशार मुलगा’ यांत अधिविशेषण आणि ‘मुलगा हुशार आहे’ यांत विधिविशेषण, हा मराठींतील भेद शाळेंत शिकवितात. ही त्याहून निराळी गोष्ट. येथें मध्यें क्रियापद येत नाहीं; विशेषण नामाला चिकटूनच राहतें, फक्त जागा बदलतें.

१०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि पुढें कित्येक शतकें तेथील न्यायदरबारांत फ्रेंच भाषा वावरत होती. फ्रेंचमध्यें बहुतेक विशेषणें नामानंतर येतात. ‘कोर्ट मार्शल’, ‘ॲटर्नी जनरल’ हे शब्द त्याच वळणाचे. ॲटर्नी जनरल हा कोणी सेनापति नव्हे. त्यांतील ‘जनरल’ हें विशेषण आहे. म्हणून अनेकवचन करावयाचें तें ‘ॲटर्नीज जनरल’ असें. उलट ‘मेजर जनरल’ यांत ‘जनरल’ हेंच नाम, म्हणून ‘मेजर जनरल्स’. विद्यार्थी हमखास अडखळतात ती ही जागा!

अनेकवचन चुकलें तर फार तर एखादा गुण जाईल. पण जागेबरोबर अर्थहि पालटतो, तेथें प्रकरण गंभीर होतें. ‘प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्यांचे सभासद. ‘मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे सभेंत हजर असलेले. भारतीय राज्यघटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदान्वयें घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचें बहुमत लागतें, आणि शिवाय ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ अशा सदस्यांपैकीं दोनतृतीयांशांचा पाठिंबा लागतो. मूळ इंग्रजींत हीं दोन्हीं पदें ‘मेंबर्स’नंतर येतात. लोकसभेच्या जागा ५४३. त्यांचें बहुमत २७२. एखाद्या दिवशीं ४५० सदस्यांनीं मत दिलें, तर ३०० मतांनीं दोन्हीं अटी पुऱ्या होतात. ‘प्रेझेंट’चा अर्थ सध्यांचे सारे सदस्य असा घेतला असता, तर ३६२ मतें लागलीं असतीं. एका शब्दाच्या जागेवर बासष्ट मतांचा फरक! तटस्थ राहणारा सदस्य सभागृहांत बसला असला तरी या हिशेबांत येत नाहीं.

‘कन्सर्न्ड’ या शब्दाचेंहि असेंच. ‘ऑफिसर कन्सर्न्ड’ म्हणजे संबंधित अधिकारी. आपल्याकडील अर्जांत मात्र मराठीच्या क्रमानें ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहिण्याची वहिवाट पडली आहे. येथें त्यानें कोणाचें अडत नाहीं; इंग्लंडांतील वाचकाला मात्र त्या शब्दांतून चिंतातुर होऊन बसलेला अधिकारी दिसण्याचा संभव आहे.