‘मले कोनी इचारलं नाई’ : प्रसूतिकक्षातला कायदा आणि नीती

(वसंत व्याख्यानमालेत अकोल्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमरावतीत ऑटोवाल्याला ‘जिल्हा स्त्री रुग्णालय’ असं सांगितलं तर तो क्षणभर विचार करतो. ‘डफरीन’ म्हटलं की लगेच निघतो. इथे अकोल्यात तसंच ‘लेडी हार्डिंग’. दोन्ही नावं व्हाइसरॉयांच्या पत्नींची. लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये निधी उभा केला तो हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांच्या हातून उपचार मिळावेत, त्यासाठी स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी तयार व्हाव्यात म्हणून. ती नावं शंभराहून अधिक वर्षं आपल्या तोंडी टिकली. आपल्या आजीची नाळ जिनं कापली त्या सुईणबाईचं नाव मात्र या सभागृहात किती जणांना सांगता येईल?

मी परिचारिका म्हणून आणि नंतर परिचर्या शिकवणारी शिक्षिका म्हणून बत्तीस वर्षं याच दोन जिल्ह्यांत काम केलं. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. गावची सुईण जिचं बाळंतपण करायची, तिच्याच गल्लीत राहायची. पाचवीला तिला बोलावणं असायचं, लुगडं मिळायचं, पायलीभर जवारी मिळायची. बाळंतपण बिघडलं तर त्याच दारावरून तिला रोज पाण्याला जावं लागायचं. गावाचे डोळे हाच तिचा कायदा होता. मी तिचं कौतुक करून थांबणार नाही. तिच्या विळ्यानं धनुर्वात झालेली बाळं मी पाहिली आहेत. पण तिची ओळख हीच तिच्यावरची जबाबदारी होती, हे खरं आहे. आजची सिस्टर बदलीनं येते, पाळी संपली की जाते. टेबलावरची बाई तिला नावानं माहीत नसते. गल्लीतल्या ओळखीनं जे बंधन सुइणीवर घातलं होतं, ते अनोळखी माणसावर घालणं, एवढ्यासाठी प्रसूतिकक्षात कायदा लागतो. कोर्टकचेरी पुढची. तो आधी त्या बाईसाठी आहे.

हे मला उशिरा कळलं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका गावची एक बाई दुसऱ्या खेपेला बाळंत झाली. वार पडली आणि त्याच वेळी तांबी बसवली गेली. ट्रे माझ्या हातात होता. चार-पाच महिन्यांनी ती अंगावरून जातं, कंबर मोडून येते म्हणून परत आली. तपासलं तेव्हा तांबी निघाली. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “बाई, मले कोनी इचारलं नाई.” मी तिचा कागद काढला. संमतीच्या रकान्यात अंगठा होता. तो तिच्या सासूचा होता. फाइल पूर्ण होती, सगळ्या जागी सह्या होत्या, आणि तरी तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून सही होती, ती माझी.

तिथून मी कायदा वाचायला लागले. सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सांगितलं, की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिचीच हवी. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिली होती. बाई बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयानं आईची ती परवानगी मानली नाही. जीव तिथल्या तिथे धोक्यात असेल तरच डॉक्टर न विचारता पुढे जाऊ शकतो. एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. म्हणजे बाळंतपणाची सही तांबीला लागू होत नाही.

आपल्याकडे उलट चालतं. सीझरच्या कागदावर नवरा सही करतो, नवरा शेतात असला तर सासरा, तोही नसला तर जो कुणी पुरुष हजर असेल तो. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची संमती सरकारी निकषांनुसार आवश्यक नाही. गर्भपाताला १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. मुलगी अठरा वर्षांखालची किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची लागते. तरी “मिस्टरांना घेऊन या” हे वाक्य वऱ्हाडातल्या किती काउंटरांवर ऐकू येतं! ते ऐकून परत गेलेली बाई कुठे जाते, ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. ती औषधाच्या दुकानात जाते, नाहीतर जडीबुटीवाल्याकडे जाते, आणि मग ताप-रक्तस्राव घेऊन रात्री दोनला आपल्याच दारात येते. गर्भपाताच्या याच कायद्यात तिची ओळख गुप्त ठेवण्याचं कलम आहे, आणि ते मोडलं तर कैदेची शिक्षा आहे. एच.आय.व्ही. असलेल्या बाईच्या बाबतीत २०१७ चा स्वतंत्र कायदा तेच सांगतो. फाइलच्या कव्हरवर लाल शाईनं खूण करणं ही काळजी नाही. ती खूण पाणी द्यायला आलेल्या मावशीपासून शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकापर्यंत सगळे वाचतात.

आता संमतीच्याच रस्त्यानं मेळघाटात जाऊ. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू बोलणाऱ्या बायका आहेत. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. आपला संमतीचा फॉर्म मराठीत, सिस्टर वऱ्हाडी बोलणारी, आणि कळा देणारी बाई भिंतीकडे तोंड करून गप्प. तिचं गप्प राहणं आपण होकार म्हणून लिहितो. १९९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, २००७ पासून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालू राहिली. आरोग्य केंद्रांना माहेरघरं जोडली गेली. गरोदर बाईनं दिवस भरत आले की लहान लेकराला आणि एका नातेवाइकाला घेऊन तिथे येऊन राहावं, अशी सोय झाली. आणि तरी काही बायका घरीच बाळंत होतात. का, असं विचारलं तर उत्तर साधं असतं. तिथे आपलं बोलणं कुणाला कळत नाही, दाईला बाहेर काढतात.

दाईला बाहेर काढणं कायद्यानं आवश्यक नाही. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यानुसार बाळंतपण करायला नोंदणी हवी, हे बरोबर आणि गरजेचं आहे. पण प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या ओळखीची एक स्त्री असावी, याला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये मान्यता दिली, आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानं ही सोबत प्रसूतिकक्षाच्या दर्जाचा भाग केली. मग दाई ती सोबतीण का होऊ नये? तिनं हात लावू नये, हात धरावा. सिस्टर काय करणार ते तिनं कोरकूत सांगावं आणि बाई काय म्हणते ते आपल्याला सांगावं. ज्या संमतीला भाषा नाही ती संमती नाही, आणि ती भाषा दाईजवळ आहे.

मेळघाटातला दुसरा प्रश्न ‘रेफर’चा. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. हरिसाल, सेमाडोह, घाट, परतवाडा. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. इकडे खारपाणपट्ट्यात घाट नाही, पण पावसाळ्यात दर्यापूर-अकोटकडच्या काळ्या चिखलात गाडी रुतली की तेवढाच वेळ जातो. त्यामुळे ‘रेफर’ ही चिठ्ठी म्हणजे सुटका नव्हे. सलाईनची सुई लावली का, गर्भाशय आवळण्याचं इंजेक्शन दिलं का, पुढच्या रुग्णालयाला फोन झाला का, सोबत कुणी प्रशिक्षित गेलं का, रक्तगट लिहिला का, या प्रत्येक ओळीत तिचा जीव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालानं तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य ठरवलं. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, की सरकारी रुग्णालयानं खाट नाही म्हणून अत्यवस्थ माणसाला परत पाठवणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सीझर, औषधं, जेवण, येण्याजाण्याची गाडी सगळं मोफत आहे. हा हक्क आहे. तिला तो उपकारासारखा देऊ नका.

आता सगळ्यात अवघड जागेकडे येते. सतरा वर्षांची लग्न झालेली मुलगी कळा घेऊन दारात येते. सोबत सासू. वय विचारलं की सासू म्हणते, “एकोनिस लिवा.” आधार कार्ड वेगळं सांगतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालची प्रत्येक मुलगी बालक आहे, लग्न झालं म्हणून सूट नाही, आणि कळवलं नाही तर कळवणं टाळणाऱ्याला शिक्षा आहे. सिस्टरनं कळवलं की नवरा पोलीस ठाण्यात जातो. गावात बातमी पोचते, आणि पुढच्या वर्षी त्याच गावची दुसरी मुलगी घरी बाळंत होते, कदाचित दगावते. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या संदर्भात हा पेच ओळखला. अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, असं सांगितलं. बाळंतपणाच्या वेळी मात्र सिस्टर त्या दारात एकटी उभी असते.

माझं मत स्पष्ट आहे. वय खोटं लिहू नका. वयावर औषधाचा, रक्ताचा, धोक्याचा अंदाज असतो. ते खोटं त्या मुलीच्याच अंगावर येतं. आधी उपचार, मग कळवणं, आणि कळवण्यापूर्वी घरच्यांना बसवून समजावून सांगणं, हा क्रम ठेवा. कायद्याची धमकी देऊन तिच्याकडून पैसे किंवा मुकाट्यानं ऐकणं वसूल करणं हा गुन्ह्याहून मोठा गुन्हा आहे. आणि आपण बाहेर बसलेल्यांनी सगळं ओझं सिस्टरवर टाकू नये. आपल्या राज्यात गावचा ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. मांडव आपण सगळ्यांनी पाहिला, जेवलोही, आणि नऊ महिन्यांनी नीतीचा प्रश्न फक्त सिस्टरला विचारतो.

नको असलेल्या बाळाचंही तसंच. उकिरड्यावर बाळ सापडलं की आपण त्या आईला शिव्या देतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बाळ बालकल्याण समितीकडे सुखरूप सोपवण्याची वाट आहे, आणि आईला फेरविचाराला साठ दिवस आहेत. ही वाट तिला प्रसूतिकक्षातल्या सिस्टरनं दाखवली नाही तर कोण दाखवणार?

आता सिस्टरच्या बाजूनं बोलते, कारण तिच्या बाजूनं फारसं कुणी बोलत नाही. एका पाळीत एकटी सिस्टर, तीन टेबलं, बाहेर चार बायका कळा देत आहेत. कळांचा, ठोक्यांचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ वेळच्या वेळी भरायचा असतो. तो बाळंतपण झाल्यावर, अंदाजानं, एका बैठकीत भरला जातो. हे सगळ्यांना माहीत आहे. ते खोटं आहे, आणि ते खोटं लिहायला भाग पाडणारी माणसांची कमतरताही तितकीच अनैतिक आहे.

आणि चूक झालीच तर जबाबदारी कुणाची? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये बाळंत झालेल्या एका बाईच्या शस्त्रक्रियेत कापडाचा बोळा पोटात राहिला आणि ती गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ मध्ये आला, तेहतीस वर्षांनी. भरपाई छत्तीस हजार रुपये. पण त्या निकालातला विचार मोलाचा आहे. बोळा नेमका कुणाच्या चुकीनं राहिला हे बाहेरच्या नातेवाइकानं सिद्ध करत बसायचं नाही, तो राहिला हाच निष्काळजीपणाचा पुरावा, आणि नोकरांच्या चुकीची भरपाई सरकारनं द्यायची.

दिवाणी बाजू अशी संस्थेवर येते. फौजदारी बाजू मात्र सिस्टरवर जास्त जड झाली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला दोन वर्षांपर्यंतची मर्यादा आहे. आणि त्या व्याख्येत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालची पदवी आणि नोंदणी असलेले डॉक्टरच येतात. एकाच टेबलाशी, एकाच रात्री, एकाच घटनेत उभ्या असलेल्या दोघांपैकी आदेश देणाऱ्याला दोन वर्षं आणि आदेश पाळणारीला पाच, असं त्या शब्दांतून निघतं. २०२३ मध्ये परिचर्या आणि प्रसूतिसेवेचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला. सिस्टरला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून जबाबदारी द्यायची असेल तर संरक्षणही त्याच मापानं द्या, ही मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी.

महाराष्ट्रात २००१ ते २००३ या काळात लाखभर जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. हे या सिस्टरांनी, आशांनी, रात्री-बेरात्री गाडी हाकणाऱ्या चालकांनी केलं आहे. बायका जगू लागल्या. आता पुढचा प्रश्न आहे, त्या जगताना त्यांच्याशी कसं वागलं जातं. “तेव्हा बरं वाटलं होतं ना, आता कायला वरडते?” हे वाक्य या सभागृहातल्या कित्येक आयांनी टेबलावर ऐकलं आहे. त्यासाठी वेगळं कलम शोधावं लागू नये. कळा देणाऱ्या बाईची थट्टा ज्या तोंडातून निघते, त्या हातावर तिनं विश्वास कसा ठेवायचा?

मी शिकवायला लागल्यावर मुलींना एक सवय लावली. हात लावण्याआधी बाईचं नाव विचारायचं, आपलं नाव सांगायचं, काय करणार ते तिच्या बोलीत सांगायचं आणि ती मान हलवेपर्यंत थांबायचं. मुली म्हणायच्या, मॅडम, वेळ कुठे असतो? मी घड्याळ लावून दाखवलं. वीस सेकंद लागतात.

तुमच्या घरी लेक किंवा सून बाळंतपणाला जाईल तेव्हा सहीचा कागद तिच्या हातात द्या, तिला वाचू द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि सही तिलाच करू द्या. तांबीचा ट्रे माझ्या हातात होता त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. ती बाई परत कधी भेटली नाही. भेटली असती तर सांगितलं असतं, की तुझ्यानंतर मी प्रत्येकीला विचारलं.