प्रेक्षकधर्म
(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



12 मार्च 1911 हा मराठी रंगभूमीच्या इतिहासातील संस्मरणीय दिवस. त्या दिवशी मुंबईत 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग व्हायचा होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या कन्येचे निधन झाले. प्रयोग रद्द झाला असता तर कोणीही दोष दिला नसता. तथापि बालगंधर्व भामिनीच्या वेषात उभे राहिले आणि प्रयोग झाला. नटाने रसिकांप्रति आपले कर्तव्य कोणत्या थरापर्यंत मानावे, याचा हा वस्तुपाठ आहे. मग ज्यांच्यासाठी हे सारे केले जाते, त्या प्रेक्षकाचेही काही कर्तव्य आहे की नाही?

भारतीय परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचे स्वतंत्र विवेचन आढळते. पात्राच्या आनंदाने जो आनंदतो आणि त्याच्या शोकाने जो शोकाकुल होतो, तो खरा प्रेक्षक, असे तेथे सांगितले आहे. प्रयोगात येणाऱ्या विघ्नांचीही गणना त्यात आहे. वारा, अग्नी, पाऊस ही दैवी विघ्ने. नटाच्या स्वतःच्या चुकांमुळे उद्भवणारी वेगळी. आणि इतरांनी आरडाओरडा करून निर्माण केलेली आणखी वेगळी. या तिसऱ्या वर्गात आज भ्रमणध्वनीची भर पडली आहे, इतकेच.

येथे एक आक्षेप घेतला जातो. नाट्यगृहात निःशब्द बसणे ही पाश्चात्त्यांची रीत असून आपला प्रेक्षक मोकळेपणाने दाद देणारा आहे, असे काही जण म्हणतात. यातील अर्धा भाग खरा आहे. नाट्यशास्त्राने प्रेक्षकांचे हास्य, रोमांच आणि उत्स्फूर्त प्रशंसोद्गार ही प्रयोगाच्या यशाचीच लक्षणे मानली आहेत. संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात 'वन्स मोअर'च्या आग्रहाने रात्री लांबत असत. परंतु दाद नाटकातून जन्माला येते आणि नाटकाकडेच परत जाते. खिशात वाजणारी घंटा, शेजाऱ्याशी चाललेली घरगुती चर्चा आणि पिशवीची चुरचुर यांचा नाटकाशी काहीच संबंध नसतो. प्रतिसाद आणि व्यत्यय यांतील हा भेद ज्याला कळला, त्याला वेगळी नियमावली सांगावी लागत नाही.

चित्रपटगृहात कोणी बोलले तरी पडद्यावरचा नट विचलित होत नाही. रंगमंचावरचा नट मात्र त्याच क्षणी, त्याच हवेत श्वास घेत असतो. दोन संवादांमधील विराम तो मोजून घेतो. त्या विरामात वाजलेला एक दूरध्वनी वीस मिनिटांची उभारणी कोसळवू शकतो. ध्वनी बंद करून कंपन चालू ठेवणे हाही उपाय नव्हे. शांत प्रेक्षागृहात ती घरघर दोन रांगांपलीकडे ऐकू जाते आणि उजळलेला पडदा मागच्या दहा जणांचे लक्ष वेधतो. 2019 मध्ये सुमीत राघवन आणि सुबोध भावे यांच्यासारख्या लोकप्रिय कलावंतांना या उपद्रवाबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला. ज्या समाजात कलावंतालाच शांततेची विनवणी करावी लागते, त्या समाजाने स्वतःकडे एकदा निरखून पाहावे.

मराठी प्रेक्षक मुळात असा नाही. 1907 साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कर्झनचे नावही नव्हते. तरी प्रेक्षकांनी कीचकात कर्झन ओळखला आणि 1910 मध्ये ब्रिटिश सरकारला त्या नाटकावर बंदी घालावी लागली. न उच्चारलेला अर्थ टिपणारी ती एकाग्रता होती. अर्धे लक्ष हातातील यंत्राकडे असणाऱ्या प्रेक्षकासमोर असे नाटक उभे राहील काय?

उपाय कठीण नाहीत. तिसऱ्या घंटेपूर्वी आसनस्थ व्हावे. दूरध्वनी पूर्णपणे बंद करावा. चित्रण करण्याचा मोह टाळावा. तान्हे मूल रडू लागले तर त्याला घेऊन विनासंकोच बाहेर जावे; त्यात कमीपणा नाही. वाहनतळावरची गर्दी चुकवण्यासाठी अखेरच्या प्रवेशात उठू नये. कलावंतांचे अभिवादन स्वीकारूनच निघावे. संयोजकांनीही मध्यंतरातील सत्कार आणि भाषणे आवरावीत, कारण प्रयोग ताटकळत ठेवणारा प्रमुख पाहुणा हाही एक व्यत्ययच होय.

आणि हे संस्कार घरातूनच व्हावयास हवेत. पंगतीत कसे बसावे, देवळात कसे वावरावे हे मुलांना उपदेशाने कळत नाही. ती वडीलधाऱ्यांकडे पाहून शिकतात. आईवडील अंधारात निरोप वाचत बसले, तर मूलही तेच करील. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. पुढे ही रंगभूमी मुख्यतः प्रेक्षकांच्या तिकिटावर जगत आली आहे. परंतु तिकिटाने केवळ आसन मिळते. नाटक मिळवायचे असेल, तर त्यासाठी अवधान द्यावे लागते.