साक्षीदाराचे डोळे

"मीं प्रत्यक्ष या डोळ्यांनीं पाहिलें," असें कोणी म्हणालें कीं आपला वाद तेथेंच थांबतो. न्यायाच्या दृष्टीनें मात्र खरी चौकशी तेथूनच सुरू व्हावयास हवी. पाहणारा कोठें उभा होता? उजेड कितपत होता? निरखून पाहण्याचें त्याला कारण काय? आणि पाहिलेलें त्यानें केव्हां सांगितलें? हे चार प्रश्न आज एका न उलगडलेल्या प्रकरणाला लावून पाहूं.

१८८८ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत व त्याच्या आसपास पांच स्त्रियांचे खून झाले. ते एकाच हातचे, असें सामान्यतः मानतात. खुनी सांपडला नाहीं. 'जॅक द रिपर' हें टोपणनांव तेवढें मागें राहिलें.

८ सप्टेंबरला पहाटे सहाच्या सुमारास हॅनबरी रस्त्यावरील एका घराच्या परसांत ॲनी चॅपमनचें प्रेत आढळलें. साडेसहाला तें तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मतें मृत्यु निदान दोन तासांपूर्वींचा होता. परंतु हवेंतील गारव्यामुळें अंदाज चुकूं शकेल, हेंही त्यांनीं सूचित केलें. उलट एका बाईनें साडेपांचला चॅपमनला त्याच घराबाहेर एका पुरुषाशीं बोलतांना पाहिलें होतें. मग खरें कोणाचें? पावणेपांचच्या सुमारास परसाच्या पायरीवर बसून बुटाचें चामडें कापणाऱ्या माणसाला तेथें प्रेत दिसलें नव्हतें. शेजाऱ्याला सव्वापांचनंतर कुंपणावर कांहीं आदळल्याचा आवाज आला. मिनिटें तंतोतंत जुळत नाहींत, तरी या तीन वेगवेगळ्या साक्षींचा रोख एकाच बाजूला आहे. म्हणून बाईनें सांगितलेल्या वेळेला वजन येतें. मात्र पुरुष तिला पाठमोरा दिसला होता. तो चाळिशीपलीकडचा व परदेशी वाटला, हा तिचा केवळ अदमास. एकाच साक्षीचा एक भाग स्वीकारावा, दुसरा बाजूला ठेवावा, असें येथें करावें लागतें.

३० सप्टेंबरला रात्रीं १ वाजून ३५ मिनिटांनीं मायटर चौकाच्या तोंडाशीं तिघा मित्रांना एक जोडपें दिसलें. दहा मिनिटांत आंत खून झालेला आढळला. तिघांपैकीं एकानेंच पुरुषाकडे लक्ष दिलें होतें, आणि तो मनुष्य पुन्हां ओळखतां येईल असें वाटत नाहीं, असें त्यानें चौकशींत सरळ सांगितलें. आपल्या दृष्टीची मर्यादा जाणणारी ही साक्ष थोडकी, पण भरंवशाची.

याच्या उलट १२ नोव्हेंबरला पुढें आलेला एक मजूर. मेरी केलीबरोबर रात्रीं दोनला दिसलेल्या गृहस्थाची सोन्याची साखळी, नालाच्या आकाराची टायपिन, बुटांवरचीं बटणेंसुद्धां त्यानें वर्णिलीं. दिव्याखालीं वांकून पाहिल्याचें कारणही त्यानें दिलें, आणि इन्स्पेक्टर ॲबरलाइन यांना तें पटलें. परंतु तो तीन दिवस गप्प होता, आणि त्याच दिवशीं संपलेल्या मृत्युचौकशींत त्याला शपथेवर कोणी प्रश्न विचारले नाहींत. बारकाव्यांची गर्दी ही कांहीं सत्याची खूण नव्हे.

हा काथ्याकूट निरर्थक नाहीं. त्याच सप्टेंबरांत अफवांवरून जॉन पायझर या यहुदी कारागिराला पोलिसांनीं पकडलें. तो निर्दोष ठरला. पण जमावाच्या भीतीनें त्याला घरांत लपून राहावें लागलें होतें. खुनी निसटला हें दुर्दैव खरेंच. परंतु कोणाच्या ओझरत्या नजरेवरून निरपराध्याच्या गळ्यांत फास पडणें हें त्याहून मोठें दुर्दैव. म्हणून "मीं पाहिलें" असें सांगणाराला आपण आदरानें, पण अवश्य, विचारावें: किती अंतरावरून, आणि किती उजेडांत?