आमच्या घरचे प्रल्हाद शिंदे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी 1988 च्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना मला कुणी पाच मिनिटं बोलू दिलं नव्हतं, त्यामुळं थोडी जास्त घेतली तर सांभाळून घ्या. आधीच्या वक्त्यांनी छड्या, ग्राउंड, सहल, सगळं सांगून टाकलं. माझ्याकडं उरला तो एक टेपरेकॉर्डर आणि एक गायक. गायकाचं नाव प्रल्हाद शिंदे. तुम्हा सगळ्यांच्या घरी ते होते, मला ठाऊक आहे. मी आमच्या घरचे सांगतो.

आमचे नाना ऊसतोडीला जायचे. या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरचा कोयता दसरा झाला की बाहेर पडायचा. मुकादमाकडून उचल घ्यायची, गाडीत बि-हाड भरायचं, आई-वडील कारखान्यावर आणि शाळेत जाणारी पोरं म्हाताऱ्या माणसांकडं. मी आणि माझी बहीण आजीकडं राहायचो. सहा महिने घरात आम्ही तिघंच.

1984 साली नानांनी उचलीतले काही पैसे बाजूला काढून नगरहून टेप आणला. आई आठ दिवस बोलली नाही त्यांच्याशी. मोहटादेवीच्या नवरात्रात गाड्यावरून तीन कॅसेटी घेतल्या. दोन कुठं गेल्या आठवत नाही. तिसरी प्रल्हाद शिंद्यांच्या भक्तिगीतांची. पहिल्या वर्षी नाना टेप सोबत घेऊन गेले. कोपीत तो लावायचे म्हणे. रात्री दोन-तीनला उठून फडात जायचं, त्याच्या आधी एक गाणं. दुसऱ्या वर्षी निघताना मात्र त्यांनी तो आजीपुढं ठेवला. "आई, तुला राहू दे. तिकडं पाचटाची धूळ जाती त्याच्यात," एवढंच म्हणाले. खरं कारण ते नव्हतं, पण नानांना असल्या गोष्टी बोलता यायच्या नाहीत.

आजी गळ्यात माळ असलेली, एकादशीला पाण्यावर राहणारी. पंढरपूरला आयुष्यात एकदाच गेलेली. तिला टेप लावता येत नव्हता. बटण मी दाबायचो, ती ऐकायची. सेल महाग, म्हणून दिवसाला एक बाजू. सेल उतरले की आवाज म्हशीसारखा व्हायचा. मग ते भिंतीवर उन्हात ठेवायचे, की आणखी दोन दिवस निघायचे. पंढरीच्या वाटेचं ते गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. गीत दत्ता पाटलांचं, चाल मधुकर पाठकांची. पण आजीच्या लेखी ते कुणीच नव्हते. होते ते फक्त प्रल्हाद शिंदे. तो भरदार, मोकळा, जरा खरखरीत आवाज. शेतावरून आलेला माणूस ओट्यावर टेकून गायला लागावा तसा. आजी म्हणायची, "ह्यो माणूस वारीत चालल्याला हाय. न चालता आसं येत न्हाई."

आम्ही आठवीत असताना कॅसेट तुटली. टेपनं फीत खाल्ली. आजीनं तिकडं पाहिलं आणि काही न बोलता भाकरी थापायला बसली. त्या रात्री ती नीट जेवली नाही. नानांचं पत्र महिन्याला एक यायचं, तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. त्या कॅसेटीत तिच्या मुलाचं काहीतरी होतं, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

माझ्या बाकावरच्या मित्राला मी हे सांगितलं. तो आज इथं समोर बसला आहे. त्याचं नाव घेणार नाही, तशी त्याचीच अट आहे. त्याच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीला स्पीकरवाला यायचा, त्याच्याजवळ बसून हा कॅसेट जोडायला शिकला होता. रविवारी तो आमच्या घरी आला. अंगणात पोतं अंथरून बसला. कॅसेटचे पाच स्क्रू काढून ओळीनं मांडले. चुरगळलेली दोन बोटं फीत ब्लेडनं कापून टाकली, टोकाला टोक लावलं, मागून चिकटपट्टीचा तुकडा डकवला, पेन्सिलीनं रीळ गुंडाळलं. सगळं मिळून अर्धा तास. आजी उंबऱ्यातून बघत होती.

काम झाल्यावर आजीनं चहा केला आणि मला खूण केली.

आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एक कप असायचा, कान तुटलेला. तो कुणासाठी आहे हे आम्हा पोरांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडत नव्हती. कप मी आणला. मीच विसळला. मीच त्याच्यापुढं ठेवला आणि आजीनं वरून चहा ओतला. त्यानं तो प्यायला, हौदावर जाऊन धुतला आणि पालथा घालून कोनाड्यात ठेवून आला. कुठं ठेवायचा हे त्याला विचारावं लागलं नाही.

मग टेप लावला. गाणं सुरू झालं. आजीचा चेहरा उजळला. जोडलेल्या जागी आलं तेव्हा एक शब्द गळाला, जेमतेम एक सेकंद, आणि पुढची ओळ चालू झाली. मित्र हसून म्हणाला, "आजी, येवढं गेलं बघा. पण बाकी शाबूत हाय." आणि पुढं सहज म्हणाला, "आमच्याकडं बी यांचीच गाणी लागत्यात. जयंतीला."

"पांडुरंगाची?" आजीनं विचारलं.

"न्हाई. बाबासाहेबांची. प्रल्हाद शिंदे आमचेच हायेत की."

आजी काही बोलली नाही. गाणं संपेपर्यंत बसली. मित्र गेल्यावर तिनं मला विचारलं, "खरं हाय का रं ते?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत येऊन सरांना विचारलं. कोणते सर ते इथं सांगत नाही, नाहीतर ते उठून उभे राहतील. सर म्हणाले, "खरं आहे. भीमगीतं गातात, विठ्ठलाची गातात, कव्वाली गातात. गळा एकच आहे, त्याला काय विचारतोस?" मी घरी येऊन "खरं हाय" एवढंच सांगितलं.

त्यानंतर पाच-सहा दिवस टेप बंद राहिला. आजीनं लाव म्हटलं नाही, मी लावला नाही. मग एकादशी आली. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "लाव ते." मी लावलं. तेवढंच. तुम्हाला वाटत असेल की आता कप फुटल्याचं सांगेन. नाही फुटला. मित्र पुढं दोन वर्षं आमच्याकडं येत होता, टेपचं हेड स्पिरिटनं पुसून द्यायचा, गणितं सोडवायचा आणि त्याच कपात चहा प्यायचा. आजी त्याला "लेकरा" म्हणायची, त्याच्यासाठी गुळाचा खडा ठेवायची, गाण्याला डोळे मिटायची. आणि कप कोनाड्यातच. हे सगळं एका माणसात कसं मावतं याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. माझ्यापुरतं बोलायचं तर मी दहावीला होतो, मिसरूड फुटलं होतं, आणि आतल्या फळीवरचा कप काढून आणायला मला कुणी हात धरून अडवलं नव्हतं.

आता गंमत सांगतो. त्या कॅसेटवर आमच्या घरानं गाणं पाठ केलं. आजी, बहीण, मी, सुट्टीत आलेले नाना, सगळे तो शब्द गाळूनच गाणं म्हणायचो. आम्हाला तो शब्द नाहीच असं वाटत होतं. एवढंच नाही, कॅसेट उलटली की दुसऱ्या बाजूच्या गाण्यातही त्याच जागी एक शब्द गायब, कारण फीत तर एकच. पुढं मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला तेव्हा कळलं की कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर पळते. दोन बोटांचा हिशोब तिथं लागला.

आणि दहावीचं स्नेहसंमेलन आठवतं का? माझ्या या मित्रानं तेच गाणं म्हटलं होतं. भक्तिगीतांची कॅसेट त्याच्या घरी नव्हती, त्यानं ते आमच्या अंगणात पाठ केलेलं. त्यामुळं त्यानंही शब्द गाळला. ढोलकीवर आपला जो गडी होता, त्याची सम चुकली आणि त्यानं सगळ्यांसमोर याच्याकडं डोळे वटारले. तुम्ही हसलात. हा मात्र थांबला नाही. पहिल्या कडव्यानंतर सगळं मैदान शांत झालं होतं. तो शब्द का गळाला हे आज छत्तीस-सदतीस वर्षांनी जाहीर करतो. ढोलकीवाल्याची चूक नव्हती. आमच्या टेपची होती.

प्रल्हाद शिंद्यांविषयी मी फार अभ्यासानं बोलू शकणार नाही. जन्म 1933 चा. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद यांनी आपल्या तरुणपणी सगळ्या लग्नाच्या वराती वाजवल्या, आणि नातू आदर्श शिंदे माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये आहे. ती मला म्हणते, "पप्पा, तुमचे प्रल्हाद शिंदे म्हणजे आदर्शचे आजोबा." आता ओळख अशी उलटी द्यायची वेळ आली. पण मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. आषाढीला देवळाच्या कळसावरच्या कर्ण्यातून आणि 14 एप्रिलला वस्तीतल्या कर्ण्यातून एकच माणूस गात होता. आमच्या गावात या दोन कर्ण्यांत ओढ्याएवढं अंतर होतं. ओढा ओलांडून आवाज रोज जायचा. आम्ही वर्षातून एखाद्या वेळी.

23 जून 2004 ला ते गेले. वारी वाटेत होती, आषाढी आठवड्यावर आली होती. त्याच वर्षी मे महिन्यात वामनदादा कर्डकही गेले होते. मी तेव्हा नगरला होतो, सुट्टी काढून घरी आलो होतो. आजी खूप थकली होती, ऐकू कमी यायचं. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आजी, प्रल्हाद शिंदे गेले." तिनं दोनदा विचारलं, "कोण?" मग कळलं. बराच वेळ ती माळेशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "तुझ्या त्या दोस्ताला कळीव. त्यांच्यातलं माणूस गेलं. भेटून ये त्याला."

म्हणजे सांत्वनाला कुणाकडं जायचं, तर त्याच्याकडं. त्यात तिची माया होती की ती जुनीच रेघ होती, मला ठरवता आलं नाही. मी गेलो नाही. त्याचा पत्ता माझ्याकडं नव्हता असं मी स्वतःला सांगितलं. पत्ता मिळवता आला असता. पुढच्या वर्षी आजीही गेली.

जुनं घर पाडलं तेव्हा गोठ्याची भिंत शेवटी उतरवली. कोनाड्यात कप होता. पालथा.

गेल्या महिन्यात या मेळाव्याच्या निमित्तानं व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि मला त्याचा नंबर मिळाला. फोन केला. पहिली दहा मिनिटं पोराबाळांची, गुडघ्यांची, साखरेची. साखर म्हणजे रक्तातली, कारखान्याची नाही. मग मी म्हटलं, मला भाषणात हे सांगायचंय, तुझी हरकत असेल तर नाही सांगत. तो म्हणाला, "सांग की. फक्त नाव घेऊ नको. माझ्यासाठी नाही, माझी पोरं समोर बसलेली असतील."

मी विचारलं, "तुला कप आठवतो?"

"कान तुटलेला. खाली निळी रेघ होती."

"तो मी आणून दिला होता."

"ते पण आठवतं."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी आजीचा निरोप सांगितला, वीस वर्षं उशिरा. तो म्हणाला, "म्हातारीनं मला कळवायला सांगितलं होतं?" आणि पुन्हा एकदा तेच विचारलं. नंतर म्हणाला, "त्या दिवशी मी नाशिकला ड्यूटीवर होतो. कुणाशी बोलावं कळत नव्हतं. तू आला असतास तर बरं झालं असतं." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

ती कॅसेट या पिशवीत आहे. वाजवायला टेप उरलेला नाही. आमचा कधीच भंगारात गेला. जोडाची चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण निघालेली नाही. मी सकाळी ती त्याला दाखवली, त्यानं चष्मा लावून बघितली आणि "बरी जोडली होती" म्हणाला.

माझी वेळ संपल्याची घंटा दोनदा झाली. संयोजकांच्या यादीत दुपारच्या सत्रात त्याचं गाणं आहे, तेच. ढोलकीवरही आपला तोच गडी आहे. शब्द घालून म्हणणार की गाळून, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.