अळंबे, अणबे आणि वारूळ



बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या दुकानात आपण ‘मशरूम’ मागतो आणि दुकानदार ‘अणबे’ म्हणत पुडा पुढे करतो. हा कन्नड शब्द मराठी माणसाला परका वाटू नये. कोकणातले अळंबे, गोव्यातली अळमी, मंगळूरकडच्या तुळूतले लांबु आणि हे अणबे एकाच कुळातले दिसतात. संस्कृतात त्यांचे मूळ शोधू नये, असे माझे मत आहे. तिथली नावे निराळीच: छत्राक, शिलींध्र. पालीत तर अहिच्छत्तक, म्हणजे सापाची छत्री. अळंबे हा शब्द आपण द्राविडी शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला आहे.

छत्राकाच्या वाट्याला मात्र सोवळे-ओवळे आले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ते लसूण-कांद्याबरोबर वर्ज्य ठरले. कालिदासाची नजर वेगळी. ‘मेघदूता’त मेघ गरजला की शिलींध्रे वर येतात आणि धरती पिकणार याची ती खूण ठरते. मराठीने रूढ केलेले ‘कुत्र्याची छत्री’ हे नाव मला फार खटकते. त्याने विषारी, निरुपद्रवी, रुचकर अशा सगळ्यांनाच एका हेटाळणीत गुंडाळून टाकले. ज्याला नावच धड नाही, त्याकडे कोण निरखून पाहील?

गोव्याने निरखून पाहिले. तिथे पावसाळ्यात मिळणाऱ्या सर्वात मोलाच्या अळंब्याला ‘रोयण अळमी’ म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. वारुळातली वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून आत बुरशीचे मळे रचते. वाळवीला न पचणारा लाकडाचा कठीण भाग ही बुरशी मऊ करते आणि मग वाळवी तो मळाच खाते. पाऊस जमिनीत मुरला की याच मळ्यातून अळंबे उगवते. त्याचे मुळासारखे लांब शेपूट खाली थेट मळ्यापर्यंत पोचलेले असते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये या प्रजातीला ‘टर्मिटोमायसिस’ नाव दिले. अर्थ तोच, वाळवीची बुरशी! डॉ. नंदकुमार कामत यांनी गोवा विद्यापीठात या अळंब्यांवर वर्षानुवर्षे संशोधन केले आहे. बटन मशरूम शेडमध्ये पिकवता येते, तशी याची शेती अजून बाजारापुरती साधलेली नाही. वारूळ फोडले की अळमी संपली.

कन्नडमध्ये वारुळाला ‘हुत्त’ म्हणतात. नागपंचमीला इथल्या बायका हुत्तावर दूध घालतात, ते आपण पाहतोच. बेळ्ळंदूरच्या जुन्या शेतकरी घरांत अजून कुणी थोरले असतील, तर त्यांना हुत्तावरच्या अणब्यांबद्दल जरूर विचारा. त्यांची नावे, उगवण्याची नक्षत्रे, जागा लिहून घ्या. तोडून मात्र आणू नका. रानातले अळंबे जाणत्याने हातात घेऊन ओळखल्याशिवाय ताटात येता कामा नये, कारण जिवावर बेतणारी अळंबीही याच नावाखाली उगवतात.