ठेक्याचं यंत्र घेताना

 

आपल्या कार्यक्रमात गाणं लागतं, त्याच्यामागं एक ठेका चालतो. घर्रर्र घर्रर्र करून, मधेच थप्प. तो ठेका कोण वाजवतं, असं आम्हाला बऱ्याच जणींनी विचारलं. पालमकडच्या बायांनी विचारलं, सेलूकडच्या पोरींनी विचारलं. दोन-तीन गटांचं म्हणणं असं, की भजनासाठी, पंचमीच्या गाण्यांसाठी, पोषण महिन्यातल्या गाण्यांसाठी आम्हालाही असं यंत्र घ्यायचंय, तर कोणतं घ्यावं? आज तेच सांगतो.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. त्याची कामं दोन. एक काम आवाज साठवायचं, त्याला सॅम्पलर म्हणतात. आपला मसाल्याचा डबा असतो ना, एका वाटीत हळद, एका वाटीत मोहरी, तसं यात एकेका बटणाखाली एकेक आवाज ठेवायचा. बटण दाबलं की तो आवाज वाजतो. दुसरं काम ते आवाज ओळीनं लावायचं, त्याला सिक्वेन्सर म्हणतात. ते ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आहे. बहुतेक यंत्रांत सोळा घरांची एक रांग असते. पहिल्या घरात जातं, पाचव्यात थाप, तेराव्यात बांगड्या, असं एकदा भरून दिलं की यंत्र ते थांबवेपर्यंत घोळवत राहतं.

लग्नात, जयंतीला, ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड पाहिला असेल तुम्ही. आठ चौकोनी पॅड, काठीनं वाजवायचे. रोलँड या जपानी कंपनीनं तो पहिल्यांदा १९८५ साली काढला. आपल्याकडे फार दिसणाऱ्या जुन्या ऑक्टापॅडमध्ये आवाज कंपनीनंच भरलेले असतात. ढोल आहे, तबला आहे, पण तो तुमच्या गावचा ढोल नाही. सॅम्पलर आपण भरू तेवढाच भरतो. आम्ही सॅम्पलरकडे वळलो ते या एका गोष्टीसाठी.

कुणी म्हणेल, मोबाईलवर फुकट ॲप मिळतं, मग पैसे कशाला घालायचे? हा प्रश्न आमच्या बैठकीतही निघाला आणि खरा आहे. पण मोबाईल कुणाचा? बहुतेक घरांत चांगला मोबाईल गडीमाणसाचा किंवा पोराचा असतो. तो शेतात जातो, परभणीला जातो, आणि आपलं गाणं त्याच्यासोबत जातं. मधेच फोन वाजतो तो वेगळाच. यंत्र गटाच्या नावावर घेतलं तर ते गटाच्या पेटीत राहतं, रजिस्टरला त्याची नोंद होते, आणि कोणाला न विचारता दुपारी काढून बसता येतं. एकट्या बाईला घरी गाणी करायची असतील तर मोबाईल पुरेल. गटाला तो पुरत नाही, असं आमचं मत आहे.

आता निवड. आमच्यात दोन तट पडले होते. पोरींना वाटत होतं की जास्त बटणं, मोठा पडदा असलेलं घ्यावं. थोरल्या म्हणत होत्या, की त्यात माझ्या जात्याचा आवाज कुठून शिरणार ते आधी दाखवा. थोरल्यांचं बरोबर निघालं. सगळी यंत्रं बाहेरचा आवाज थेट घेत नाहीत. कॉर्ग कंपनीचं व्होल्का सॅम्पल म्हणून लहानसं यंत्र २०१४ साली आलं, स्वस्तातलं म्हणून पुष्कळ खपलं. पण त्या पहिल्या यंत्रात माईक लावायची सोयच नव्हती, आवाज फोनवरून आत पाठवावा लागे. म्हणजे पुन्हा मोबाईलवाल्याच्या दारात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच करा, की यात माईक आहे का, किंवा लावता येतो का.

दुसरा प्रश्न, आवाज किती मावतो. टीनेज इंजिनिअरिंग या स्वीडनच्या कंपनीचं पीओ-३३ हे यंत्र कॅल्क्युलेटरएवढं आहे. त्यात माईक आहे, बारीक स्पीकर आहे, रिमोटमधले दोन सेल घातले की चालतं. शिकायला छान, पोरी त्यावर लवकर रमतात. पण सगळे आवाज मिळून त्यात चाळीस सेकंद मावतात. एक ओवी संथ म्हटली तर त्यातली अर्धी जागा तिलाच लागेल. थापा, टाळ, सुपाचा आवाज एवढ्यापुरतं ते चांगलं. हिशेब असा आहे, की सीडीच्या दर्जाचा एका बाजूचा एक मिनिट आवाज ठेवायला पाच एमबीच्या थोडी वर जागा लागते. हा आकडा धरून दुकानदाराला विचारा, किती मिनिटं मावतील? आकड्यात उत्तर घ्या.

तिसरा प्रश्न कोणी करत नाही, आणि आपल्याला तोच फार लागतो. सोळा घरांची रांग बारावर आणता येते का? केरवा किंवा भजनी ठेका आठ मात्रांचा. आठ दुणे सोळा, तो नीट बसतो. पण फुगडी, पाळणा आणि कितीतरी गाणी आपण दादऱ्यात म्हणतो, त्याच्या मात्रा सहा. दोन आवर्तनांत बारा घरं झाली आणि चार उरली. यंत्र सोळावर अडून बसलं तर गाणं पुढं आणि ठेका मागं. परदेशात बनलेली ही यंत्रं बहुतेक चाराच्या पटीत विचार करतात. रांग लहान करायची सोय आहे का ते आपल्या गाण्यावरच वाजवून बघायचं. आम्ही दुकानात उभं राहून फुगडी म्हणून बघितली. लोक बघत होते, बघू दे.

मग वीज. आपल्याकडच्या विजेचं काय सांगायचं. सेलवर चालणारं यंत्रच घ्या, आणि सेल चार्ज होणारे घ्या. पुढं पिनचं बघा. लग्नातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जाड पिन लागते, लहान यंत्रांना मोबाईलसारखी बारीक असते. जोडणीची पिन यंत्रासोबतच घ्या, नाहीतर ऐन कार्यक्रमाच्या दिवशी शोधत फिराल.

हे सगळं बघून आमचं बोट रोलँडच्या एसपी-४०४ एमके-२ वर थांबलं. हे २०२१ साली आलेलं. सतरा पॅड, माईक लावायची जागा, सहा पेन्सिल सेलवर चालतं, शिवाय चार्जरच्या वायरवरही. माईक आत नाही, वेगळा घ्यावा लागतो, हा त्याचा तोटा. किंमतही मोठी आहे, म्हणून गटाच्या बैठकीत ठराव करूनच घेतलं, आणि त्यासाठी कर्ज काढलं नाही. कर्ज काढून ठेका घेऊ नये. दोन गटांनी मिळून घेतलं तरी चालतं, फक्त कोणत्या वारी कोणाकडे हे आधी लिहून ठेवा. बिल गटाच्या नावानंच करा. जुनं घेत असाल तर एकेक पॅड दाबून, एकेक खुंटी फिरवून बघा.

बटणांवर अक्षरं इंग्रजी असतात, म्हणून कोणी मागं सरू नका. आम्ही पॅडवर टिकल्या लावल्यात. लाल टिकली जातं, हिरवी भाकरीची थाप, चंदेरी बांगड्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आमच्या आत्याबाई आता त्यावर सगळ्यांत चांगला हात चालवतात.

आवाज भरायचा कसा, हे थोडं सावकाश सांगतो. जातं रिकामं फिरवून आवाज घेऊ नका. दगड दगडावर घासतो, जातं खराब होतं आणि आवाजही भकास येतो. ज्वारीचा घास टाका. घास पडला की आवाज जड होतो, पीठ पडायला लागलं की मऊ होतो. एक फेरा घेऊन तोच घोळवला तर ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कंटाळा येतो, कारण खरे दोन फेरे कधीच सारखे नसतात. चार फेरे सलग घ्या. कापताना खुंटा जिथं असताना सुरुवात केली तिथंच परत आला की कापा, म्हणजे सांध्याला टक्क होत नाही. आणि यंत्रात ठोका सरळ करायची एक सोय असते, तिला क्वांटाइज म्हणतात. हात जरा मागं पडला तर यंत्र तो ओढून ओळीत बसवतं. जात्याच्या गाण्याला ती बंद ठेवा. दळणाऱ्या बाईचा हात जिथं जड होतो, तिथंच ओवी लांबते. ते सरळ केलं की गाणं गेलं.

आपल्या गंगाखेडची जनाबाई. दळिता कांडिता तिचं गाणं झालं, हे लेकरालाही माहीत आहे. पण गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, कुठं उंबऱ्याची पायरी झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून काम करून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पारी नावाच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ऐकायला, वाचायला मिळतात. पोरींना सांगा, शोधून देतील. जात्यावर बसलेल्या बाईनं सासर, भाऊ, दुष्काळ, विठ्ठल, सगळं बोलून ठेवलंय त्यात.

म्हणून आवाज कोणाचा, हे विचारूनच घ्यायचं. सिनेमातल्या गाण्याचा तुकडा कापून घेणं सोपं आहे, पण ध्वनिमुद्रणावर साठ वर्षं मालकाचा हक्क असतो. तसाच गाणाऱ्याचाही आपल्या गाण्यावर कायद्यानं हक्क आहे, पन्नास वर्षं. तो आशा भोसलेंना आहे तसा तुमच्या आज्जीलाही आहे. आम्ही रजिस्टरला एक पान केलंय. आवाज कोणाचा, कधी घेतला, कुठं वाजवायला तिची हरकत नाही, पुढं अंगठा नाहीतर सही. डीजेवाल्या पोरांनी मागितला तर ते पान बघूनच हो किंवा नाही म्हणतो. एकदा नाही म्हटलं, तर पोरं रुसली. रुसू दे.

आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या आज्जीनं आपली ओवी कापू दिली नाही. म्हणाली, भाऊ वारला तेव्हाची ओवी आहे, तिच्यामागं थप्प थप्प नको. ती ओवी आम्ही यंत्राबाहेर, नुसती, शेवटपर्यंत घेतली. रेडिओवर लागेल ती तशीच लागेल. जात्याचा आवाज मात्र आज्जीनंच दिला, लाल टिकलीखाली आहे तो तिच्याच जात्याचा.

आम्हाला आता उखळ-मुसळाचा आवाज हवाय, लाकडी उखळाचा. आमच्या गावात एकच राहिलंय आणि तेही चिरलेलं. जिंतूर, सोनपेठ, मानवत, पाथरी, कुठंही कोणाच्या घरी चालतं उखळ असेल तर रेडिओवर निरोप द्या. आम्ही यंत्र घेऊन येतो. कांडायला ज्वारी आमची.